स्प्रिंग ओझं पेलते, तेल उसळी जिरवतं

‘गाडी मागून फार आपटतेय. शॉकअप गेले असतील का? आणि गेलेच असतील, तर घरच्या घरी बदलता येतील का?’

चार-पाच वर्षं मोटारसायकल वापरलेला माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच. बहुतेक वेळा तक्रार आधी मागे बसणाऱ्याने केलेली असते. चालवणाऱ्याच्या अंगवळणी सगळं पडत जातं, कारण शॉकअप एका दिवसात बिघडत नाही. रोज कणाकणाने ढिला होतो. मागे बसणारी व्यक्ती मात्र मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसलेली असते. प्रत्येक गतिरोधक तिच्या पाठीच्या कण्याला आधी कळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. मागे दोन बाजूंना दोन शॉकअप असलेली साधी गाडी असेल, तर होय, घरी बदलता येतात. 1994 साली आलेली स्प्लेंडर आणि तिच्यासारख्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या याच प्रकारच्या. चार जोड सोडायचे आणि चार परत आवळायचे, एवढंच हे काम. पण पाना हातात घेण्याआधी आत काय चालतं ते समजून घेऊ. कारण समजलं की कुठे घाई चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, ते सांगावं लागत नाही.

1. शॉकअप कोणासाठी असतो?

‘बसणाऱ्याच्या आरामासाठी’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. शॉकअपचं पहिलं काम टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं.

गाडी ब्रेकने थांबते असं आपण म्हणतो, पण ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा जोर. टायर हवेत असेल तर हा जोर शून्य.

एक छोटा हिशेब करू. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. खड्ड्याच्या कडेला आपटून मागचं चाक सेकंदाचा फक्त दहावा भाग हवेत राहिलं, तरी तेवढ्यात गाडी 1.1 मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात मागच्या ब्रेकचा काहीही उपयोग नाही. खराब रस्त्यावर असे उड्डाणाचे क्षण एकामागून एक येतात आणि ते सगळे मिळून थांबण्याचं अंतर वाढवतात. म्हणून ढिल्या शॉकअपकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये. तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

पूर्वी बहुतेक मोटारसायकलींचं मागचं चाक सांगाड्यालाच घट्ट बसवलेलं असे आणि स्प्रिंगा असत त्या फक्त सीटखाली. माणसाला थोडा आराम मिळे, चाक मात्र उडत राही. मग मागचं चाक एका झुलत्या चौकटीत बसवण्याची पद्धत रुळली. आपले मेकॅनिक या चौकटीला ‘चिमटा’ म्हणतात. चिमट्याचं पुढचं टोक बिजागरीसारखं फिरतं, मागच्या टोकात चाक असतं आणि दोन्ही बाजूंचे शॉकअप त्याला वरच्या सांगाड्याशी जोडतात. 1949 साली बाजारात आलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटमध्ये हीच रचना होती, आणि पुढे आपल्याकडच्या लाखो गाड्यांनी तीच वापरली.

2. स्प्रिंग: ओझं पेलणारी

शॉकअपकडे पाहिलं की डोळ्यांत भरते ती स्प्रिंग. तिचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 साली प्रसिद्ध केला: स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. दुप्पट दाबली तर दुप्पट जोर.

समजा, एका शॉकअपची स्प्रिंग 1 सेंटीमीटर दाबायला 15 किलोचं वजन लागतं. दोन शॉकअप मिळून 30 किलो. सत्तर किलोचा चालक बसला की त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा, समजा 45 किलो, मागच्या चाकावर येतो. म्हणजे गाडी मागून दीड सेंटीमीटर खाली बसणार. मागे 60 किलोची व्यक्ती बसली तर तिचं जवळजवळ सगळं वजन मागेच पडतं. आणखी 2 सेंटीमीटर गेले.

आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण त्यांतून एक गोष्ट कळते. मागे बसणाऱ्या माणसामुळे स्प्रिंगवरचा माणसांचा भार दुपटीहून अधिक होतो.

स्प्रिंगचा एक स्वभावदोषही आहे. तिच्यात घातलेली ऊर्जा ती जवळजवळ सगळी परत करते. झोका एकदा ढकलून सोडला तर तो लगेच थांबतो का? तसंच नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी एका गतिरोधकानंतर पुढचे कितीतरी मीटर डुलत राहील. हे डुलणं थांबवायला दुसरं कोणीतरी हवं.

3. तेल: उसळी जिरवणारं

ते दुसरं कोणीतरी स्प्रिंगच्या आत लपलेलं असतं. एक बंद नळी, तिच्यात तेल, तेलात एक दट्ट्या आणि दट्ट्याला जोडलेला चकचकीत दांडा. दट्ट्याला बारीक भोकं असतात. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते.

चकलीचा सोऱ्या आठवा. सावकाश दाबला तर पीठ निमूट बाहेर येतं. झटक्यात दाबायला गेलं तर सोऱ्या अडतो. जितकी घाई, तितका विरोध. शिवाय चकलीची ताटली काढून शेवेची बारीक भोकांची ताटली घातली की तेच पीठ दाबायला आणखी जोर लागतो. शॉकअपमधलं तेलही घाईला असाच विरोध करतं, आणि भोकांच्या मापावर तो विरोध कमी-जास्त ठरतो.

यात आणखी एक युक्ती आहे. दट्ट्यावर पातळ पत्र्याच्या झडपा असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर चढताना तेलाला तुलनेने मोकळी वाट मिळते, म्हणजे चाक चटकन वर येऊ शकतं. दबलेली स्प्रिंग परत उसळायला लागली की ती वाट झाकली जाते आणि तेलाला अरुंद वाटेने जावं लागतं. उसळी तिथेच मुरते.

मग उसळीची ऊर्जा जाते कुठे? तिची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावरून अर्धा तास गाडी चालवून आल्यावर सायलेन्सर नसलेल्या बाजूच्या शॉकअपच्या नळीला हात लावून पाहा. ती कोमट लागते. तुमच्या पाठीला बसले असते असे धक्के त्या उबेत जमा झालेले असतात.

या प्रकरणातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: स्प्रिंग ओझं पेलते, तेल उसळी जिरवतं. ‘शॉकअप गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा स्प्रिंग शाबूत असते, गेलेलं असतं ते तेलाचं काम.

4. ताकाचा फेस आणि सोड्याची बाटली

साध्या शॉकअपमध्ये नळीभोवती दुसरी नळी असते. तिच्यात जादा तेल आणि थोडी हवा असते. कारण दांडा आत शिरला की त्याने व्यापलेल्या जागेतलं तेल कुठेतरी जायला हवं. पण सतत घुसळलं की ताकावर येतो तसा तेलावरही फेस येतो. फेस म्हणजे हवेचे बुडबुडे, आणि दट्ट्याला बुडबुड्यांचा काय विरोध होणार? लांबच्या खराब रस्त्यावर साधा शॉकअप हळूहळू मऊ पडतो तो यामुळे.

यावर उपाय म्हणजे आत दाबाखाली नायट्रोजन भरणं. सोड्याची बंद बाटली हलवली तरी दाबामुळे बुडबुडे डोकं वर काढत नाहीत; झाकण उघडताच फसफसतात. ‘गॅसचा शॉकअप’ म्हणजे झाकण कायम बंद असलेली बाटली. म्हणूनच त्याला कधीही भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही, वेल्डिंग तर करायचंच नाही.

5. गेला, हे कसं ओळखायचं?

पैसे खर्च करण्याआधी पाच तपासण्या करा.

*दाबून सोडणं.* गाडी दोन्ही चाकांवर उभी धरा, सीटच्या मागच्या टोकावर जोराने दाबा आणि हात सोडा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे. ती दोन-तीन वेळा डुलली, तर तेल काम करत नाही.

*तेलाचा माग.* दांड्याजवळ किंवा नळीवर तेलात कालवलेली काळी धूळ दिसली, तर तेल आत अडवून ठेवणारं सील फाटलं आहे. कोरड्या धुळीची काळजी नको.

*दांडा.* त्याच्या चकचकीत थरावर गंज किंवा ओरखडा असेल, तर तो दर फेरीत सील कापतो. कोकणात आणि गोव्यात, खारी हवा आणि लांबलेला पाऊस असलेल्या ठिकाणी, हे आधी तपासा.

*शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या कड्यांतले रबरी बुश.* गतिरोधकावर ‘टक’ असा आवाज येत असेल, तर दोष नुसत्या बुशचा असू शकतो. बुश वेगळे मिळतात आणि स्वस्तात काम होतं.

*चिमट्याचे बुश.* गाडी डबल स्टँडवर लावा आणि मागचं चाक पकडून डावी-उजवीकडे हलवा. चिमटा मुळापासून खुळखुळत असेल, तर नव्या शॉकअपने गाडीची डळमळ जाणार नाही. आधी ते काम मेकॅनिककडून करून घ्या.

टायरमधली हवाही बघा. साखळीच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्यापेक्षा हवा जास्त भरलेली असेल, तर चांगला शॉकअपही दगडासारखा वाटतो.

6. नवे घेताना

शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. एक नवा आणि एक जुना म्हणजे कावडीला पुढे ताज्या दमाचा गडी आणि मागे थकलेला. एका बाजूने उसळी अडते, दुसऱ्या बाजूने सुटते, आणि मधला चिमटा पिळवटला जातो.

लांबी वरच्या कडीच्या मध्यापासून खालच्या कडीच्या मध्यापर्यंत मोजा. ती मूळ मापाचीच हवी. लांब शॉकअपने गाडी ऐटबाज दिसते खरी, पण मागची बाजू वर गेली की भार पुढे झुकतो, हँडलचा स्वभाव बदलतो, साखळीचा कोन बदलतो आणि स्टँडवर गाडी नीट टेकत नाही.

नाव असलेल्या कंपनीचा माल, पक्क्या बिलासह घ्या. हा उद्योग आपल्या दारातलाच आहे. गॅब्रिएल इंडियाने 1961 साली मुंबईत मुलुंडला शॉकअप बनवायला सुरुवात केली, आणि आज वाळूज आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत बनलेले शॉकअप देशभरच्या दुचाकींना लागतात.

7. आदल्या रात्रीची तयारी

बोल्ट वर्षानुवर्षं उघडलेले नसतात. चारही जोडांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रात्रभर ते आट्यांत झिरपतं आणि सकाळी निम्मी लढाई जिंकलेली असते.

साहित्य थोडकं आहे: योग्य मापाचा रिंग पाना आणि गोटी पाना (गाडीनुसार 12, 14 किंवा 17 नंबर), रबरी किंवा लाकडी हातोडी, वायर ब्रश, दोन-तीन फळ्या आणि एक ताटली. ढिल्या मापाचा पाना वापरू नका. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

जागा सपाट आणि टणक हवी. मातीत डबल स्टँड रुततो. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. आणि प्रत्येक बाजूचा फोटो काढून ठेवा. कुठला वायसर आत, कुठला बाहेर, हे नंतर तोच सांगतो.

8. काढणं आणि बसवणं

सगळ्यात महत्त्वाचा नियम: एका वेळी एकच बाजू. एक शॉकअप काढल्यावर दुसरा चिमट्याला जागेवर धरून ठेवतो आणि नवा बसवताना भोकं आपोआप समोरासमोर येतात. दोन्ही एकदम काढले तर चाक खाली लोंबतं आणि सगळी मापं हरवतात.

पहिली पायरी: गाडी डबल स्टँडवर घ्या. मागच्या चाकाखाली फळ्या अशा सरकवा की चाक त्यांना नुसतं टेकेल. फळ्यांनी चाक उचलायचं नाही, बोल्टवरचा भार उतरवायचा आहे. बोल्ट हाताने फिरायला लागला की भार उतरला असं समजा.

दुसरी: आड येणारे भाग सोडा. काही गाड्यांत साडी गार्ड किंवा मागची दांडी याच बोल्टवर बसवलेली असते, काहींत सायलेन्सर थोडा सैल करावा लागतो.

तिसरी: आधी खालचा बोल्ट काढा, मग वरचा नट. निघालेली प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ताटलीत मांडा.

चौथी: जुना शॉकअप सरळ बाहेरच्या बाजूला ओढा. अडला तर कडीवर हातोडीने हलकं ठोका, पिळू नका.

पाचवी: वरची कडी ज्यावर बसते तो सांगाड्यावरचा दांडा वायर ब्रशने घासून स्वच्छ करा आणि त्याच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात द्या. रबरी बुशला मात्र साधं ग्रीस लावू नका. ते रबर फुगवतं आणि कुजवतं. बुश चढत नसेल तर साबणाचं पाणी पुरतं.

सहावी: नवा शॉकअप जुन्याच्याच दिशेने उभा धरा. आधी वरची कडी चढवा, मग खालची. खालचं भोक दोन-चार मिलिमीटर चुकत असेल, तर फळीच्या तरफेने चाक किंचित उचला. बोल्ट ठोकून घुसवला तर आटे जातात.

सातवी: नट आणि बोल्ट आधी हाताने फिरवा, मग पान्याने बेताचे आवळा. आता दुसरी बाजू, याच क्रमाने.

दोन गोष्टी घरी करायच्याच नाहीत. शॉकअपवरची स्प्रिंग सुटी करायला जाऊ नका. ती मुळातच दाबून बसवलेली असते. सेंटीमीटरला 15 किलोची स्प्रिंग 3 सेंटीमीटर दाबलेली असेल तर तिच्यात 45 किलोचा जोर कोंडलेला असतो आणि सुटला तर तो तोंडावर येतो. दुसरं, 2008 साली आलेल्या यामाहा एफझीसारख्या गाड्यांना सीटखाली मध्यभागी एकच शॉकअप असतो. तो काढला की मागच्या बाजूला कसलाही आधार उरत नाही. गाडी वरून टांगून किंवा खास स्टँडवर धरूनच ते काम होतं. ते कार्यशाळेवर सोपवा.

9. पाना किती ताणायचा?

‘गच्च’ हे माप नव्हे. पुस्तिकेत आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो, आणि तो ओळखीचा करून घेता येतो. समजा 30 लिहिलं आहे. तुमचा पाना 20 सेंटीमीटर, म्हणजे 0.2 मीटर लांब आहे. 30 भागिले 0.2 म्हणजे 150 न्यूटन, साधारण 15 किलोचा जोर. 15 किलो धान्याची पिशवी उचलायला जेवढा जोर लागेल तेवढाच, अंगाचा भार टाकून नव्हे. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तमच.

शेवटचा ताण देण्याआधी फळ्या काढा, गाडी चाकांवर उतरवा, कोणाला तरी सीटवर बसवा आणि मग आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळलं तर भार आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

10. पाच पायऱ्यांचा गैरसमज

शॉकअपच्या खालच्या बाजूला पायऱ्यांचं एक कडं असतं, बहुधा पाच पायऱ्यांचं. ‘ते फिरवलं की स्प्रिंग कडक होते’ असं सर्रास सांगतात. स्प्रिंग तीच राहते. बदलते ती तिची सुरुवात. कडं फिरवून स्प्रिंग आणखी 1 सेंटीमीटर दाबून ठेवली, तर आपल्या उदाहरणात ती 15 किलो जास्त भार येईपर्यंत हलतच नाही. त्यानंतरच्या दर सेंटीमीटरला मात्र पूर्वीसारखेच 15 किलो लागतात.

म्हणून एकटे फिरत असाल तर खालची पायरी, रोज मागे कोणी बसत असेल तर वरची. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच हवी.

योग्य पायरी मोजूनही काढता येते. गाडी स्टँडवर, चाक लोंबतं असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग नेहमीच्या माणसांसह गाडीवर बसून तेच अंतर घ्या. समजा चाकाची पूर्ण हालचाल 8 सेंटीमीटर आहे. तर फरक तिच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 2 ते 2.7 सेंटीमीटर यावा. जास्त आला तर एक पायरी वर, कमी आला तर एक खाली.

11. पहिले शंभर किलोमीटर

दुकानात आडव्या पडलेल्या शॉकअपमध्ये हवा तेलात शिरलेली असते. गाडी बाहेर काढण्याआधी सीट दहा-पंधरा वेळा दाबा. पहिले दोन-चार दाब पोकळ वाटतील, मग तेल आपली जागा घेईल.

मागची उंची बदलली की साखळीचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोत दोन्ही बदलतात. ते तपासा. शंभर किलोमीटरनंतर चारही जोड पुन्हा पान्याने चाचपून घ्या. जुने शॉकअप भंगारात देताना ते गॅसचे असतील तर तसं सांगा, आणि गळणारं तेल गटारात जाऊ देऊ नका.

आणि शेवटची चाचणी एकट्याने करू नका. ज्या व्यक्तीने पहिल्यांदा तक्रार केली होती, तिलाच मागे बसवा. तोच रस्ता, तोच गतिरोधक, तोच वेग. तुम्हाला फरक जाणवेलच, पण निकाल तिच्याकडूनच घ्या. तुम्हाला सवय झाली होती तेव्हाही खरं काय ते तिच्या पाठीलाच माहीत होतं.